प्रश्न तुमचे: केम-ई-कारची तयारी

केमिकल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांकडून या स्पर्धेबद्दल बरीच पत्रे आली आहेत. त्यांतले चार प्रश्न या अंकात घेत आहोत.

आमच्या कॉलेजचा संघ पहिल्यांदाच उतरणार आहे. नेमके काय करायचे असते आणि वेळ कशाला द्यावा? (द्वितीय वर्ष, जळगाव)

अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल इंजिनिअर्स ही संस्था 1999 पासून ही स्पर्धा घेते. आपल्याकडे मुंबईच्या आयसीटीचे (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचे) संघ तिच्यात उतरले आहेत. संघाने रासायनिक अभिक्रियेवर चालणारी आणि अभिक्रियेनेच थांबणारी छोटी गाडी करायची. ती 40 × 30 × 20 सेंटिमीटरच्या खोक्यात मावली पाहिजे. अंतर 15 ते 30 मीटरच्या दरम्यान असते आणि वजन म्हणून 0 ते 500 मिलिलिटर पाणी वाहायचे असते. दोन्ही आकडे शर्यतीच्या तासभर आधी कळतात. ब्रेक, रिमोट किंवा टायमर चालत नाही. दोन फेऱ्या मिळतात आणि रेषेच्या सर्वांत जवळ थांबणारी गाडी जिंकते. नियमावली दरवर्षी थोडी बदलते, म्हणून चालू वर्षाचीच छापून प्रयोगशाळेत लावा.

बहुतेक नवे संघ गाडी पळवण्यात महिने घालवतात. वेगाला एकही गुण नाही, सगळा निकाल गाडी कुठे थांबते यावर ठरतो. हातातल्या वेळेपैकी निम्मा वेळ चाचण्यांसाठी राखून ठेवा, आणि गाडीचा सांगाडा एकदा ठरला की त्याला पुन्हा हात लावू नका. चाकांचे आस समांतर आहेत ना, हे आधीच तपासा. सुरुवातीला एक अंश तिरकी ठेवलेली गाडी 30 मीटरवर अर्धा मीटर बाजूला गेलेली असते.

बॅटरी घरीच करायची आहे. भविष्यातले काही वापरले तर परीक्षकांवर छाप पडेल, म्हणून सोडियम-आयन करावी का? (तृतीय वर्ष, पुणे)

नको. त्या सेलला ओलावा अजिबात चालत नाही. कोरड्या, बंदिस्त पेटीत काम करण्याची सोय नसेल तर सेल जुळवतानाच बिघडतो. उद्याच्या ऊर्जेचा विचार मांडायचाच असेल तर अॅल्युमिनियम-हवा सेल घ्या. अॅल्युमिनियमची सैद्धांतिक ऊर्जा किलोला सुमारे 8 किलोवॉट-तास आहे, आणि इंडियन ऑइलने इस्रायलच्या फिनर्जीबरोबर याच तंत्रावर संयुक्त कंपनी काढली आहे. पोस्टरवर सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि सेल साध्या प्रयोगशाळेत होतो.

अॅल्युमिनियमची पट्टी, 10 टक्के मिठाचे पाणी, आणि स्टेनलेस स्टीलच्या जाळीवर दाबून बसवलेला सक्रिय कोळसा एवढे साहित्य लागते. स्वयंपाकघरातली फॉइल चालते, पण चरून मध्येच तुटते, पट्टीच बरी. भार नसताना एका सेलला 0.7 व्होल्टच्या आसपास मिळतात आणि मोटर जोडली की बरेच उतरतात. तीन व्होल्टच्या गिअर मोटरला सहा सेल मालिकेत लावून सुरुवात करा. पट्टी आणि कोळसा यांत 2-3 मिलिमीटरच अंतर ठेवा, जास्त झाले तर आतला रोध वाढतो. कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणात प्रवाह कितीतरी जास्त मिळतो, पण अॅल्युमिनियम त्याच्याशी थेट अभिक्रिया करून हायड्रोजन सोडते आणि सेल तापतो. पहिल्या वर्षी मिठावरच राहा.

दोन गोष्टी नेहमी नडतात. अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा पांढरा चिकट गाळ पट्टीवर साठतो, म्हणून प्रत्येक फेरीला पाणी नवे घ्या. दुसरे, कोळशाच्या छिद्रांत पाणी शिरले की हवा आत जात नाही आणि व्होल्टेज कोसळते. हवेकडच्या बाजूला टेफ्लॉनच्या द्रावाचा हात द्या. गाडी सोडण्यापूर्वी मोटरइतक्या रोधावर दोन मिनिटे सेल चालवला की व्होल्टेज स्थिरावते. हे टाळले तर पहिले काही मीटर गाडी वेगळ्याच वेगाने जाते आणि चाचण्यांतून केलेला अंतर-वेळेचा तक्ता जुळत नाही.

थांबवण्यासाठी आयोडीन घड्याळ वापरतो. मापे तीच, तरी एकदा 48 सेकंदांत निळे होते, एकदा 55 सेकंदांत. चूक कुठे? (नागपूर)

बहुधा तापमानात. (नव्या वाचकांसाठी: आयोडीन घड्याळ म्हणजे थायोसल्फेट संपताच एकदम निळे होणारे द्रावण; तो रंग सेन्सरला दिसला की मोटर बंद होते.) परसल्फेट आणि आयोडाइडच्या अभिक्रियेचा वेग दर अंशाला सुमारे 7 टक्क्यांनी बदलतो. तुमचा फरक म्हणजे जेमतेम दोन अंश. सकाळची आणि दुपारची प्रयोगशाळा एवढी सहज वेगळी असते. गाडी सेकंदाला 0.4 मीटर जात असेल तर 50 सेकंदांच्या घड्याळात एका अंशाने साडेतीन सेकंद, म्हणजे 1.4 मीटर चुकतात. नागपूरच्या 34 अंशांत बसवलेले घड्याळ 22 अंशांच्या एसी सभागृहात दुपटीहून जास्त वेळ घेईल.

सुरुवातीला हे प्रमाण घ्या. 100 मिलिलिटर पाण्यात 4.15 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि 0.2 ग्रॅम उकळून विरघळवलेला स्टार्च, ही पहिली बाटली. दुसरीत 100 मिलिलिटरला 0.5 ग्रॅम सोडियम थायोसल्फेट, म्हणजे त्याचे नेहमीचे पाच पाण्याचे स्फटिक. तिसरीत 2.85 ग्रॅम अमोनियम परसल्फेट. कुपीत पहिल्याचे 8 मिलिलिटर, दुसऱ्याचे 2 आणि साधे पाणी 2 घ्या. वरून परसल्फेटचे 8 मिलिलिटर सिरिंजने एका दमात सोडा आणि ढवळत राहा. 25 अंशांना वेळ मिनिटाच्या आसपास येईल, नेमका आकडा तुमच्या बाटल्यांवरच मोजा. वेळ बदलायची तर फक्त थायोसल्फेट बदला आणि एकूण 20 मिलिलिटर कायम ठेवा. थायोसल्फेट 2 चे 3 आणि साधे पाणी 2 चे 1 केले की वेळ दीडपट होते, बाकी काही हलवावे लागत नाही.

तिन्ही बाटल्या वापरण्यापूर्वी अर्धा तास एकाच बादलीभर पाण्यात ठेवा आणि त्या पाण्याचे तापमान दर वेळी लिहा. मोजायला पिपेट वापरा, मोजपात्र नको. पाणी डिस्टिल्डच हवे, कारण पितळी नळातून उतरलेले तांब्याचे अंश या अभिक्रियेला उत्प्रेरक ठरतात. धातूचे अंश बांधून ठेवणारे ईडीटीए चिमूटभर घातले तर तो धोका राहत नाही. आयोडाइड उजेडात पिवळे पडले असेल तर फेकून द्या, कारण त्यातले आयोडीन थायोसल्फेट आधीच खाऊन टाकते.

एवढे करूनही गाडी भलत्या जागी थांबली तर सेन्सर बघा. निळा रंग लाल-नारिंगी प्रकाश शोषतो, म्हणून एलईडी लाल हवा. एलडीआरवर, म्हणजे प्रकाशाप्रमाणे रोध बदलणाऱ्या सेन्सरवर, काळी टोपी घाला, नाहीतर सभागृहातल्या दिव्यांचा प्रकाश पोचतो आणि मोटर बंदच होत नाही.

सुरक्षा तपासणीत संघ बाद होतात असे ऐकले. आणि रसायने तिथे न्यायची कशी? (ठाणे)

तपासणीत अडते ते बहुतेक साध्या गोष्टींवर: सांडले तर धरणारा ट्रे नाही, बाटलीवर नाव आणि तारीख नाही, उरलेल्या द्रावणाचे काय करणार हे कागदावर नाही. निळ्या द्रावणात थायोसल्फेट घालून रंग घालवायचा आणि मग आयोजकांच्या कचऱ्याच्या कॅनमध्ये टाकायचे, हे लिहून द्या. गॉगल आणि हातमोजे संघातल्या प्रत्येकाला हवेत, फक्त गाडी हाताळणाऱ्याला नाही.

परसल्फेट ऑक्सिडीकारक आहे. ते विमानात सामानात चालत नाही आणि रेल्वेतही नेऊ नका. आयोजकांना रसायनांची यादी, कोणत्या शुद्धतेची (ग्रेडची) हवीत त्यासह, आधीच कळवा आणि तिथेच घ्या. बाटली बदलली की वेळ थोडी सरकते. म्हणून शर्यतीच्या आदल्या दिवशी तिथल्या रसायनांवर, तिथल्याच तापमानाला दोन-तीन वेळा मोजा आणि तक्त्यातले सगळे आकडे त्या प्रमाणात बदलून घ्या.