दीड जीबीचा व्हिडिओ डीव्हीडीत का मावत नाही?

प्रश्न : भावाच्या लग्नाचं शूटिंग पेनड्राइव्हवर मिळालं, एकच एमपी फोर फाइल, तीन तास, साधारण 1.6 जीबी. गावी आत्याकडे डीव्हीडी प्लेअर आहे म्हणून डीव्हीडी करायला घेतली, तर कन्व्हर्ट झाल्यावर फोल्डर 8 जीबीच्या वर! बर्न करताना जागा नाही म्हणतंय. सॉफ्टवेअर गंडलंय का? (सातारा)

उत्तर : सॉफ्टवेअर ठणठणीत आहे हो. तुमची एमपी फोर बहुतेक एच.264 मध्ये असणार, ते 2003 चं व्हिडिओ दाबून साठवायचं तंत्र, कमी जागेत बरं चित्र बसवतं. डीव्हीडी 1996 ची, तिला त्याच कामाचं जुनं तंत्र, एमपेग-2 च लागतं आणि ते जागा भरपूर खातं. शिवाय कन्व्हर्टर मूळ फाइल केवढी होती ते बघतच नाही, तो बघतो बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा वापरायचा तो आकडा) आणि वेळ. बऱ्याच ठिकाणी बिटरेट 6000 केबीपीएसच्या (सेकंदाला हजार बिट म्हणजे एक केबीपीएस) आसपास आधीच सेट असतो, त्याने तीन तासांचे 8 जीबी होणारच.

मग हिशोब उलटा करायचा. साध्या डिस्कवर 4.7 अब्ज बाइट, गुणिले 8 म्हणजे 37.6 अब्ज बिट, भागिले 10,800 सेकंद, आले साधारण 3480 केबीपीएस. त्यातून आवाजाचे 192 वजा करा, मेन्यूला थोडी जागा सोडा, व्हिडिओला 3100 टाका आणि टू-पास (व्हिडिओ दोनदा तपासून बिट नीट वाटायची सोय) असेल तर टिक करा. डीव्हीडी फ्लिक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटो-फिट आहे, ते हे गणित स्वतःच करतं.

आवाजाचं सेटिंग मात्र उघडून बघाच, तिथे कुणाचं लक्ष जात नाही. पीसीएम (न दाबलेला आवाज) असेल तर 1536 केबीपीएस, म्हणजे तीन तासांत नुसती सनई नि गोंगाट 2 जीबी खाणार! एसी-थ्री (दाबलेला आवाज, वरचे 192 त्याचेच) करा, पाव जीबीत काम होतं.

आता खरं सांगू का, 3100 वर भाषणं, आहेर, जेवणाच्या पंगती ठीक दिसतील, पण अक्षता पडायला लागल्या की प्रत्येक दाणा वेगळा हलतो, तेवढ्याला बिट पुरत नाहीत आणि नवरानवरीच्या तोंडावर चौकोन चौकोन येतात, नेमकं जे बघायचं तेच खराब. म्हणून मी तरी दोन डिस्क करेन, एकीवर हळद नि लग्न, दुसरीवर रिसेप्शन नि वरात, दीड-दीड तास, मग 6000 निवांत बसतं. साडेआठ जीबीची डबल लेयर डिस्क मिळते पण जुने प्लेअर तिच्यावर कधी कधी रुसतात, आत्यांना त्यात पाडू नका.

आणि हे सगळं करायच्या आधी आत्यांना फोन करून टीव्हीच्या मागे यूएसबीचं भोक आहे का ते विचारा, टीव्ही त्यातल्या त्यात नवा असेल तर पेनड्राइव्ह लावला की झालं.

प्रश्न : माझा फोल्डर 4.5 जीबीचाच आहे, डिस्कवर 4.7 छापलंय, तरी मावत नाही. फसवणूक आहे का ही? (डोंबिवली)

उत्तर : नाही हो. डिस्कवाले हजाराने मोजतात, विंडोज 1024 ने. त्यामुळे तीच डिस्क विंडोजमध्ये 4.37 दिसते. फोल्डर 4.3 च्या आत आणा, बसेल.