‘असंघटित’ की ‘अनौपचारिक’?

प्रश्न धुळ्याच्या एका वाचक ताईंचा. विकसनशील देशांतल्या बायकांच्या राजकीय सहभागावरचा इंग्रजी लेख त्या मराठीत आणतायत आणि ‘इन्फॉर्मल इकॉनॉमी’पाशी अडल्यात. असंघटित म्हणू की अनौपचारिक?

ताई, दोन्ही चालतात, पण एकमेकांच्या जागी नाही. वर्तमानपत्रं सरसकट ‘असंघटित’ लिहितात. २००८ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातही ‘असंघटित कामगार’च होतं. पण अहमदाबादची ‘सेवा’ घ्या. फेरीवाल्या, विड्या वळणाऱ्या, कागद वेचणाऱ्या बायकांची ती १९७२ पासूनची नोंदणीकृत कामगार संघटना. त्यांना असंघटित कोणत्या तोंडाने म्हणायचं? काम मात्र हजेरीपट, नेमणूकपत्र, प्रॉव्हिडंट फंड या सगळ्याच्या बाहेरचं, म्हणून ते ‘अनौपचारिक’. मूळ इंग्रजी शब्दाचा रोखही कामावरच होता: मानववंशशास्त्रज्ञ कीथ हार्ट यांनी तो घानातल्या अक्रा शहराच्या अभ्यासात वापरला आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७२ च्या केनिया अहवालानंतर तो रुळला. मराठी कानाला ‘अनौपचारिक’ म्हटलं की चहा नि गप्पा आठवतात, ही त्याची खोट. तरी अर्थव्यवस्थेला तोच लावा, ‘असंघटित’ माणसांपुरता ठेवा.

लेखात ‘गृहिणी’ आणि ‘घरकाम’ आले तर मात्र जपून. घरकाम स्वतःच्या घरचं की चार घरची धुणीभांडी? दुसरं असेल तर ‘घरेलू कामगार’ लिहा. हिंदी वळणाचा आहे, पण राज्याच्या २००८ च्या कायद्याने तो पक्का केलाय.

‘गृहिणी’चा किस्सा आमच्या चोपड्याकडचा. पंचायतीत बायकांना निम्म्या जागा झाल्या २०११ मध्ये. त्यानंतरच्या एका निवडणुकीत राखीव जागेवर उभ्या राहिलेल्या मावशींचा अर्ज पुतण्या भरत होता. ‘व्यवसाय’ या रकान्यात त्याने न विचारताच ‘गृहिणी’ लिहिलं. मावशी तेव्हा नुकत्या वेचणीवरून आलेल्या, पदराला कापसाचे धागे, किलोवर मजुरी. मी म्हटलं, मावशी, तुम्ही काय काम करता? म्हणाल्या, “काही नही, कामले जास.” म्हणजे, काही नाही, कामाला जाते.

‘काही नही’ आणि ‘कामले जास’ एका दमात. पुतण्याने त्यातलं पहिलंच ऐकलं होतं. मी ‘शेतमजूर’ सुचवलं. तो म्हणाला, “बरं दिसत नाही, काका.” मावशींनी त्याच्या हातातलं पेन घेतलं. सहीपुरतं लिहिता येत होतं त्यांना, म्हणून मग पेन माझ्याकडे दिलं.