‘सगळ्या सेल्सच्याच कंपन्या येतात, मॅडम’

जानेवारी उजाडला की एमबीएच्या दुसऱ्या वर्षाची मुलं माझ्याकडे समुपदेशनासाठी यायला लागतात. तक्रार थोड्याफार फरकाने एकच. कॉलेजचं प्लेसमेंट सेल, म्हणजे नोकऱ्यांसाठी कंपन्या बोलावणारं ऑफिस, नावापुरतं आहे, कंपन्या येतात त्या सेल्सच्या, निवड होते ती ठरावीक मुलांची. चौथं सेमिस्टर सुरू झालं, आता काय? पालक त्याहून थेट विचारतात: प्रवेश घेताना शंभर टक्के प्लेसमेंट सांगितलं होतं, त्याचं काय झालं?

मागच्या हंगामातल्या एका मुलाबद्दल सांगते. त्याच्या बाबतीत यातलं जवळजवळ सगळंच आलं होतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा अकलूजकडचा. वडील साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात. बीकॉम, मग सीईटी, मग पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात एमबीए, स्पेशलायझेशन फायनान्स. फीसाठी शैक्षणिक कर्ज. माझ्याकडे आला तेव्हा झोप उडालेली होती, मेसचा डबा अर्धा परत जात होता. दोन्ही रूममेटना नोकरी लागली होती आणि हा रात्री दोन दोनपर्यंत लिंक्डइनवर लोकांच्या ‘हॅपी टू शेअर’वाल्या पोस्टी बघत बसायचा.

पहिल्या भेटीत नोकरीचा विषय मी फारसा काढलाच नाही. छातीवर नेमकं काय बसलंय ते आधी बघायचं होतं, आणि ते कर्ज निघालं. परीक्षा संपली की पुढच्याच महिन्यापासून हप्ता सुरू होणार, अशी त्याची समजूत. ‘मंजुरीचं पत्र वाचलंस?’ ‘ते बाबांकडे आहे.’ मागवून घेतलं. आपल्याकडच्या बहुतेक बँकांच्या शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रमाचा काळ आणि वर एक वर्ष एवढी सवलत असते. त्याच्याही पत्रात तेच होतं. व्याज त्या काळातही चढत राहतं, ते खरं. पण जूनमध्ये हप्ता भरायचा नव्हता. त्या आठवड्यात तो जरा झोपला.

दुसऱ्या भेटीत एक कोरा कागद पुढे केला. आत्तापर्यंत आलेली प्रत्येक कंपनी, कुठलं काम, आणि तू कुठल्या टप्प्यावर थांबलास, एवढंच लिही म्हटलं. ‘सगळीकडे रिजेक्ट,’ हे त्याचं पालुपद होतं. कागदावर निराळंच उतरलं. निम्म्याहून जास्त कंपन्यांना त्याने अर्जच केला नव्हता, कारण काम सेल्सचं होतं. काही ठिकाणी त्याचं नाव कॉलेजनेच पुढे पाठवलं नव्हतं. समोरासमोर नकार दोनच. एकदा जीडीमध्ये (गटचर्चेत), एकदा मुलाखतीत.

‘नाव का पाठवलं नाही?’

‘त्यांच्या मर्जीतल्यांचीच पाठवतात.’

‘विचारलंस?’

‘ग्रुपवर मेसेज टाकला होता. कुणी रिप्लाय दिला नाही.’

दीड वर्षात हा मुलगा प्लेसमेंट ऑफिसच्या खुर्चीत एकदाही बसला नव्हता. त्याच्यासाठी ते ऑफिस म्हणजे व्हॉट्सॲपवरचा एक ग्रुप होता.

दोन-तीन कॉलेजांत मी सरावाच्या मुलाखती घ्यायला जाते, त्यामुळे आतलं थोडंफार माहीत आहे. मुलांना वाटतं तिथे मोठी यंत्रणा असेल. बऱ्याच खासगी कॉलेजांत एक प्लेसमेंट ऑफिसर, एखादा मदतनीस, आणि शिकवण्याचा भार सांभाळून हे बघणारे एक प्राध्यापक, एवढाच पसारा असतो. बाकी धावपळ विद्यार्थ्यांच्या कमिटीची. पावसाळ्यात कंपन्यांच्या एचआरला मेल आणि फोन, माजी विद्यार्थ्यांच्या विनवण्या, बॅचचं माहितीपत्रक. मग दिवाळीच्या आगेमागे कंपन्या यायला लागतात ते पार मे महिन्यापर्यंत. कंपनी जेडी, म्हणजे कामाचं वर्णन, पाठवते रात्री आठला आणि नावं मागते दुसऱ्या दिवशी दुपारी. ‘रात्री मेसेज आणि सकाळी मुदत संपली’ ही मुलांची तक्रार खरीच असते, फक्त घाई बहुतेक वेळा कंपनीची असते.

‘एका विद्यार्थ्याला एकच ऑफर’ हा नियमही मुलांना जाचक वाटतो. त्यामागे दोन हिशेब असतात. एक म्हणजे उरलेल्यांना संधी मिळावी. दुसरा कोणी मोठ्याने बोलत नाही: ऑफर घेतलेली मुलं रुजू झाली नाहीत तर ती कंपनी पुढच्या वर्षी त्या कॉलेजकडे फिरकत नाही. ऑफिसला विद्यार्थ्याइतकंच कंपनीलाही सांभाळावं लागतं. अशी दोन्हीकडची बांधिलकी असलेल्या माणसाकडे एक गोष्ट असते जी तुमच्याकडे नसते. तुम्हाला का घेतलं नाही, हे त्याला माहीत असतं. मुलाखती आटोपल्यावर एचआरवाले चहा पिता पिता बरंच बोलून जातात. कंपन्यांची यादी सगळे मागतात. नकाराचं कारण मागायला फारसं कोणी येत नाही. माझ्या मते त्या ऑफिसातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे.

त्याला तीनच प्रश्न लिहून दिले. माझं नाव कुठे कुठे गेलं नाही आणि का? ज्या दोन ठिकाणी गेलं तिथे काय म्हणाले? आणि माझ्यासारख्या प्रोफाइलची मागच्या दोन बॅचमधली मुलं आज कुठे आहेत? तक्रार करायची नाही, दुपारी तीननंतर जायचं (सकाळी त्या लोकांना श्वास घ्यायला फुरसत नसते), आणि सीव्हीची छापील प्रत हातात ठेवायची.

तो भीत भीत गेला. प्लेसमेंट ऑफिसर मॅडमनी एक्सेलची शीट उघडून त्याच्यापुढे फिरवली. पहिल्या सेमिस्टरमध्ये भरून घेतलेल्या फॉर्ममध्ये त्याने स्वतःच टिक केली होती: फक्त फायनान्स, सेल्स नको, ठिकाण फक्त पुणे. हे तो विसरूनही गेला होता. शीटला फिल्टर लावला की त्याचं नाव आपोआप गळत होतं. त्यात कोणाची मर्जी नव्हती. आणि मुलाखतीबद्दलचा शेरा असा: ‘समर प्रोजेक्टबद्दल एकाही प्रश्नाचं उत्तर नीट देऊ शकला नाही.’

यावर तो माझ्याशी बराच वेळ गप्प होता. दुसऱ्या सेमिस्टरनंतरच्या उन्हाळ्यातली आठ आठवड्यांची ती इंटर्नशिप त्याने गावाकडच्या ओळखीच्या सीएकडे केली होती. केली म्हणजे, सर्टिफिकेट मिळालं होतं. रिपोर्ट सीनियरचा, आकडे बदललेले. अशी मुलं शेकड्याने आहेत आणि मुलाखत घेणारा दुसऱ्या प्रश्नालाच ते ओळखतो. पण खोदून विचारलं तेव्हा कळलं, त्या दोन महिन्यांत त्याने खरंच एक काम केलं होतं. दुकानदारांची जीएसटीची विवरणपत्रं आणि बँकेची स्टेटमेंट्स जुळवणं, आणि तफावत दिसली की त्या दुकानात जाऊन विचारणं. हे त्याला सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं, कारण रिपोर्टचं शीर्षक ‘रेशो ॲनालिसिस’ (ताळेबंदातल्या गुणोत्तरांचा अभ्यास) होतं.

आता सेल्सबद्दल. मधल्या फळीतल्या कॉलेजांत बँका, विमा कंपन्या, बिल्डर जास्त येतात, याचं कारण साधं आहे. त्यांना दर वर्षी खूप माणसं लागतात आणि तेवढीच सोडूनही जातात. ॲनालिस्टच्या जागा मुळात थोड्या, आणि त्यातल्या बऱ्याच इंटर्नशिपमधून किंवा आतल्या माणसाच्या शिफारशीने भरल्या जातात. पण ‘फायनान्स की सेल्स’ अशी दोनच दारं नाहीत. पुण्यात खराडी, मगरपट्टा भागात फंड अकाउंटिंगची (गुंतवणूक फंडांचे हिशेब ठेवण्याची), रिकन्सिलिएशनची (नोंदी जुळवण्याची) कामं आहेत. एनबीएफसींमध्ये, म्हणजे बँक नसलेल्या पण कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांमध्ये, क्रेडिटची कामं आहेत: कर्ज मागणाऱ्याची कागदपत्रं तपासायची, त्याच्या दुकानात किंवा गोठ्यावर जाऊन धंदा खरा आहे का बघायचं, आणि कर्ज द्यावं की नाही याची शिफारस लिहायची. मॅडमनी त्याला हेच सुचवलं. मागच्या बॅचमधले दोघं तिथेच होते, त्यांचे नंबरही दिले. फक्त एक अट होती, जागा पुण्यात नव्हत्या. बार्शी, पंढरपूर, फलटण.

इथे खरा पेच उघडा पडला. ‘एमबीए करून परत गावाकडेच?’ हे वाक्य तो स्वतःच्या तोंडाने म्हणत होता, पण आवाज आत्याचा, चुलत्यांचा, चौकातल्या पोरांचा होता. वडिलांनी कारखान्यात पेढे वाटून त्याला पुण्याला पाठवलं होतं. ‘फक्त पुणे’ ही टिक त्या पेढ्यांमुळे होती, करिअरचा विचार करून नव्हे. पुढच्या दोन भेटी नोकरीबद्दल झाल्याच नाहीत. कोणाकोणाला काय उत्तर द्यावं लागेल, त्यातल्या कोणाचं मत त्याला खरंच महत्त्वाचं वाटतं, हेच बोलत होतो. यादीत शेवटी एकटे वडील उरले.

म्हणून वडिलांना बोलावलं. आले ते चिडूनच. पेपरात आयआयएमची मोठाली पॅकेजेस वाचलेली, आणि आपल्या पोराला काहीच कसं नाही? मी म्हटलं, ‘काका, अहमदाबादच्या आयआयएमशी आपली तुलना सोडून द्या. आपल्या कॉलेजचेच आकडे बघू.’ जी कॉलेजं केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेतात, त्यांना आपली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. किती जणांनी प्रवेश घेतला, किती जण वेळेत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी मिळाली, किती पुढे शिकायला गेले, आणि नोकरी मिळालेल्यांचा मध्यक पगार किती. जाहिरातीतल्या ‘हायेस्ट पॅकेज’वर एका मुलाचं नाव असतं. मध्यक म्हणजे निम्म्या मुलांना त्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी. शंभर टक्क्यांचा आकडाही तसाच बघायचा: शंभर कशाचे? बऱ्याच ठिकाणी घरचा धंदा बघणारे, एमपीएससी करणारे, बॅकलॉगवाले, हजेरी कमी असलेले हे सगळे आधीच गाळलेले असतात, आणि उरलेल्यांचे शंभर टक्के. प्रवेशाआधी हे पाहिलं असतं तर बरं झालं असतं, हे काकांनीच म्हटलं. मी त्यावर काही बोलले नाही.

जाता जाता एक सांगून ठेवते, कारण वाचणाऱ्यांत पालक असतील. सगळी ऑफिसं त्या मॅडमसारखी नसतात. कुठे पद भरलेलंच नसतं, कुठे ‘कन्सल्टन्सी’च्या नावाखाली मुलांकडून पैसे मागितले जातात. नोकरीसाठी पैसे मागणारा कोणीही असो, तिथून उठून यायचं. ऑफिस खरंच बंद दारासारखं असेल तर शिकवणारे प्राध्यापक, माजी विद्यार्थी आणि केंद्राचं नॅट्स पोर्टल, जिथे पदवीधरांना अप्रेंटिसशिप मिळते, असे रस्ते आहेत. फायनान्सवाल्यांसाठी सेबीने स्थापन केलेल्या एनआयएसएमच्या परीक्षाही आहेत. सर्टिफिकेटने नोकरी मिळत नाही, पण सीव्ही चाळणारा माणूस एक क्षण जास्त थांबतो.

तर, मुलाने फॉर्ममधली ‘फक्त पुणे’ची टिक काढली. सीव्हीवरून ‘रेशो ॲनालिसिस’ उडवून जीएसटी आणि स्टेटमेंट जुळवल्याचं तीन ओळींत लिहिलं. ऑफिसने त्याच्या दोन सरावाच्या मुलाखती घेतल्या, त्यातली एक माजी विद्यार्थ्याने फोनवर. पहिल्या एनबीएफसीत नकार आला. त्याने त्याच संध्याकाळी कारण विचारलं: हिशेब बरोबर, पण ‘कर्ज नाकारताना समोरच्याला कसं सांगाल?’ या प्रश्नाला अडखळला. त्यावर आम्ही इथे बसून काम केलं. दुसऱ्या ठिकाणी निवड झाली. क्रेडिट ऑफिसर, पंढरपूर शाखा, ३ लाख ६० हजारांचं पॅकेज.

वडिलांनी लगेच भागाकार केला, महिन्याला तीस हजार. मॅडमनी ऑफर लेटर दोघांसमोर ठेवून ओळ न् ओळ वाचली. ५० हजार कामगिरीवर अवलंबून, ते वर्षाअखेर मिळाले तर मिळाले. कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी पॅकेजमध्येच धरलेली. मुलाचा पीएफ आणि व्यवसाय कर कापून हातात येणार साधारण २१ हजार. बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट, नाही, ही जमेची बाजू. काकांचा चेहरा पडला, पण घरून जाऊन-येऊन करता येईल, खोलीभाडं नाही, हा हिशेब त्यांनीच मांडला. मुलाने दोन दिवस मागून घेतले आणि मग होकार कळवला. पुण्याच्या फंड अकाउंटिंगचा विचार त्याने सोडलेला नाही. वर्षभराने बघू म्हणतो.

रुजू व्हायची तारीख परीक्षेनंतर लगेचची आहे. तोवर विद्यापीठाचा निकाल लागला नाही तर कॉलेजच्या पत्रावर चालेल का, हे त्याने प्लेसमेंट ऑफिसात जाऊन विचारलं, आणि कंपनीकडून मेलवर लेखी मागवूनही घेतलं.