हिप-हॉपच्या ‘कलेक्टिव्ह’ला मराठीत काय म्हणावं?

एका भाषांतरकार ताईंचा प्रश्न आहे. ‘नेटिव्ह टंग्स’ या न्यूयॉर्कच्या रॅपर मंडळींवरचा एक लेख त्या मराठीत आणताहेत आणि पहिल्याच वाक्यात अडल्या आहेत. मुळात ‘पॉझिटिव्ह’, ‘सोशली कॉन्शस’, ‘कलेक्टिव्ह’ आणि ‘लास्टिंग इन्फ्लुअन्स’ असे चार शब्द एका ओळीत आले आहेत. त्यांचा खर्डा असा: ‘नेटिव्ह टंग्स या सकारात्मक, सामाजिकदृष्ट्या जागरूक हिप-हॉप समूहाचा चिरस्थायी प्रभाव आजही जाणवतो.’ त्या लिहितात, ‘चूक काही नाही, पण सरकारी पत्रक वाचल्यासारखं वाटतं. समूहाऐवजी टोळी म्हटलं तर?’

ताई, तुमचा कान बरोबर सांगतोय. हे वाक्य मराठी शब्दांचं आहे, मराठी नाही. मला या मंडळींच्या गाण्यांचा फार जुना लळा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ‘टोळी’. हा शब्द मुळात वाईट नाही. ऊसतोड कामगारांची टोळी असते, तिला टोळीच म्हणतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पण वर्तमानपत्रानं त्याला दरोडेखोर इतके चिकटवून ठेवले आहेत की काळ्या रॅपरांच्या नावापुढे तो आला की वाचकाच्या डोळ्यांसमोर कट्टे आणि सुरे येतील. ज्या प्रतिमेपासून ही मंडळी जाणूनबुजून लांब राहिली, तीच आपण त्यांच्या गळ्यात बांधू. तेव्हा टोळी नको.

गंमत अशी की त्यांच्या काळी खुद्द त्यांच्यासाठी वापरला जाणारा शब्द टोळीच्या जवळचाच होता: ‘पॉसी’. ‘नेटिव्ह टंग्स पॉसी’. मूळ लॅटिन संज्ञेचा अर्थ ‘जिल्ह्याचं बळ’, म्हणजे गुन्हेगाराच्या पाठलागासाठी शेरीफनं गोळा केलेले गावातले धडधाकट गडी. हा शब्द हॉलिवूडच्या काउबॉयपटांत गेला, ते चित्रपट जमैकात तुफान चालले, किंग्स्टनच्या टोळ्यांनी तो उचलला आणि स्थलांतरितांबरोबर तो न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उतरला. पोलिसांच्या बाजूनं निघालेला शब्द पोलिसांना चुकवणाऱ्यांचा झाला आणि शेवटी गाणाऱ्या पोरांचा. ‘कलेक्टिव्ह’ ही समीक्षकांची इस्त्री केलेली भाषा आहे.

आपल्याकडे ‘कंपू’चा प्रवासही असाच झाला. महादजी शिंद्यांच्या फौजेतल्या कवायती पलटणींना कंपू म्हणत. आज कंपू म्हटलं की साहित्य संमेलनातली कुजबुज आठवते. त्यामुळे तोही बाद. ‘फड’ मला मोहवतो, कारण त्याला गाण्याबजावण्याचा वास आहे, पण फडाला फडमालक असतो. ‘कलापथक’ म्हटलं की मागे संघटना, कार्यक्रमपत्रिका, ध्येयधोरण आलं. नेटिव्ह टंग्सना ना मालक होता ना जाहीरनामा. म्हणून ‘चळवळ’ही म्हणता येत नाही.

मग होतं काय? इथे थोडं तपशिलात जायला हवं, कारण शब्द त्या तपशिलातूनच सापडतो.

१९८८ साली जंगल ब्रदर्स या तिघांचा पहिला अल्बम आला. १९८९ मध्ये लाँग आयलंडच्या ॲमिटीव्हिलमधल्या डे ला सोलचा ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ आला. १९९० मध्ये अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टचं पदार्पण झालं. त्यातले क्यू-टिप आणि फाइफ डॉग क्वीन्समधल्या सेंट अल्बन्स वस्तीतले. न्यूअर्कची क्वीन लतीफा, थेट लंडनहून आलेली मोनी लव्ह, मागाहून ब्लॅक शीपची जोडी असे धागे जुळत गेले. रेडिओवर यांची गाणी वाजवणारा, यांना हाताला धरून पुढे आणणारा डीजे रेड अलर्ट हा जंगल ब्रदर्समधल्या माइक जीच्या घरातलाच माणूस. क्यू-टिप आणि जंगल ब्रदर्स एकाच शाळेतले. ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ हे नावसुद्धा जंगल ब्रदर्सनी सुचवलेलं. बारशाला आत्यानं नाव ठेवावं, तसं.

रेकॉर्ड कंपन्या मात्र वेगवेगळ्या: डे ला सोल टॉमी बॉयकडे, ट्राइब जाइव्हकडे, जंगल ब्रदर्स आधी वॉरलॉक आणि मग वॉर्नर ब्रदर्सकडे. एकत्र असा करार कुठेच नाही. तरी एकाच्या ध्वनिमुद्रणाला दुसरा येऊन बसायचा आणि जाताना चार ओळी म्हणून जायचा. डे ला सोलच्या ‘बडी’ या गाण्याच्या नव्या आवृत्तीत तर जवळजवळ सगळे घरचे जमले आहेत. कार्याला आलेल्या पाहुण्यांनी आपण होऊन वाढपी व्हावं, असं ते ऐकताना वाटतं.

चुली वेगळ्या, अंगण एक. याला मराठीत नेमका शब्द आहे: गोतावळा. ‘गोत’ हे ‘गोत्र’ या संस्कृत शब्दाचं मराठी रूप, पण मराठीनं त्यातली सोवळ्याची कडी काढून टाकली. गोतावळ्यात रक्ताचे येतात, शेजारी येतात, कामातून जोडलेले येतात. तिथे कुणी सभासद नसतं आणि राजीनामाही नसतो. माणसं दुरावतात, तशी ही मंडळीही १९९३च्या सुमारास दुरावली होती, पण गोतावळा मोडला असं आपण म्हणत नाही, विखुरला म्हणतो. तोच शब्द इथे लागू पडतो. ‘हिप-हॉप गोतावळा’ पहिल्यांदा वाचताना कानाला खटकेल, हे मला मान्य आहे. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत तो बसेल.

नावाबद्दलही दोन शब्द. ‘नेटिव्ह टंग’ म्हणजे मायबोली, पण म्हणून ‘मायबोली मंडळी’ वगैरे करू नका. आपल्याला मायबोली म्हटलं की जे जवळ आहे ते आठवतं: आईची हाक, ओवी, शिवी. त्यांच्या तोंडी तो शब्द हिरावून घेतलेल्या गोष्टीचा आहे. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या भाषा दोन-तीन पिढ्यांत पुसल्या गेल्या. न्यू बर्थ या सोल बँडच्या ‘आफ्रिकन क्राय’ गाण्यात याच अर्थाची तक्रार आहे, आणि हे नाव तिथून आलं. नाव अनेकवचनी आहे, हेही पाहा. परत मिळवायची ती एक भाषा नव्हे, प्रत्येकाची आपली. इतकं सगळं भाषांतरात मावत नाही. नाव तसंच ठेवा.

आता ‘पॉझिटिव्ह’. ‘सकारात्मक’ हा शब्द आपण इतका झिजवला आहे की त्यातून आता फक्त सकाळचे सुविचार ऐकू येतात. आणि या मंडळींनी स्वतः त्या गोडव्याविरुद्ध बंड केलं होतं. डे ला सोलनी पहिल्या अल्बमच्या वेळी ‘डेझी एज’ अशी घोषणा दिली. ती ‘डा इनर साउंड, यॉल’ची आद्याक्षरं, म्हणजे आतला आवाज. पत्रकारांनी त्यातलं डेझीचं फूल तेवढं पाहिलं आणि यांना हिप्पी ठरवून टाकलं. वैतागून त्यांनी १९९१च्या अल्बमचं नावच ‘डे ला सोल इज डेड’ ठेवलं आणि मुखपृष्ठावर डेझीची कुंडी फुटलेली दाखवली. ज्यांनी आपल्या हातानं ती कुंडी फोडली, त्यांना आपण पुन्हा ‘सकारात्मक’चं फूल देऊ नये.

मी ‘विधायक’ म्हणेन. विधायक माणूस हसतमुख असेलच असं नाही, पण तो काहीतरी उभं करतो. याचा सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे ट्राइबचा १९९१चा ‘द लो एंड थिअरी’. त्यात रॉन कार्टर हे जाझचे थोर डबल बास वादक वाजवायला आले. शिवराळ भाषा नको, अशी अट त्यांनी घातली होती आणि आपण खऱ्या प्रश्नांवरच बोलतोय, असं क्यू-टिपनं त्यांना सांगितलं. बापाच्या पिढीचं संगीत आणि पोरांची बोली एका खोलीत बसली. याला मी विधायक म्हणतो. ‘सात्त्विक’ मात्र चुकूनही लिहू नका. वर म्हटलेलं ‘बडी’ हे गाणं चक्क शरीरसुखाबद्दलचं, द्वयर्थी आहे. ही विशीतली पोरं होती, संत नव्हते.

‘सोशली कॉन्शस’साठी ‘सामाजिकदृष्ट्या’ हा शब्द आधी काढा. ‘दृष्ट्या’ लागलं की वाक्याला कचेरीचा वास येतो. मग आपल्याकडे चार शब्द उरतात: जाणीव, भान, बांधिलकी, प्रबोधन. हे आपण एकमेकांच्या जागी वापरतो, पण ते एक नाहीत. प्रबोधनात एक सांगणारा आणि दुसरा ऐकणारा असतो. बांधिलकीत आधी दिलेला शब्द असतो. जाणीव मनात राहू शकते, कृतीत न उतरता. भान मात्र वागण्यात दिसतं. ‘भान ठेवून वाग’ असं आई म्हणते. माणूस नाचताना, हसताना, चहा पितानाही भान राखू शकतो. या मंडळींचं नेमकं तसं होतं. त्यांच्याकडे एल सेगुंडो गावात पाकीट विसरल्याचं एक लांबलचक, उनाड गाणं आहे. आणि त्यांच्याच गोतावळ्यात, डे ला सोलच्या एका गाण्यात, मिली नावाच्या मुलीचीही गोष्ट आहे. बाप समाजसेवक, सगळ्यांचा लाडका, नाताळात सांताक्लॉज होणारा. घरात मात्र तो मुलीवर अत्याचार करतो. ती मित्राला सांगते आणि तो विश्वास ठेवत नाही. शेवटी ती पिस्तूल घेऊन त्या सांतासमोर उभी राहते. गाण्यात उपदेशाचा एक शब्द नाही. आपण ऐकणारेही त्या विश्वास न ठेवणाऱ्यांतलेच असतो, हे नंतर लक्षात येतं आणि घशात आवंढा येतो.

क्वीन लतीफा आणि मोनी लव्ह यांचं ‘लेडीज फर्स्ट’ १९८९चं. दोघीही तेव्हा १९ वर्षांच्या. त्याच्या व्हिडिओत दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याची दृश्यं आहेत. पुढे १९९३ मध्ये रस्त्यात छेड काढणाऱ्यांना आणि घरात मारणाऱ्यांना तोंडावर जाब विचारणारं ‘युनिटी’ लतीफानं केलं आणि त्याला ग्रॅमी मिळालं. म्हणून: ‘सामाजिक भान असलेला’. एवढंच पुरे.

राहिला ‘लास्टिंग इन्फ्लुअन्स’. इथे मराठी खरी श्रीमंत आहे. प्रभाव पडतो, छाप पडते, ठसा उमटतो आणि वळण लागतं. पहिले तिन्ही बाहेरून येऊन बसतात. वळण अंगात मुरतं. हस्ताक्षराला वळण असतं, घराला वळण असतं. कुणी लावलं ते विसरलं तरी ते राहतं. आणि या गोतावळ्यानं पुढच्यांना वळणच लावलं. १९९६ मध्ये डे ला सोलनी ‘स्टेक्स इज हाय’ काढला. त्यात शिकागोचा कॉमन आहे, ब्रुकलिनचा नवखा मोस डेफ आहे, आणि शीर्षकगीताचं संगीत डेट्रॉइटच्या जे डीचं, ज्याला पुढे सगळे जे डिला म्हणून ओळखू लागले. दोन वर्षांनी मोस डेफनं तालिब क्वेलीबरोबर ‘ब्लॅक स्टार’ केला. पुढच्यांना अंगणात बोलावून ओळी म्हणायला लावायची रीत तीच. २०१६ मध्ये मार्चमध्ये फाइफ गेला, मधुमेहानं. नोव्हेंबरात, अमेरिकी निवडणुकीनंतर तीनच दिवसांनी, ट्राइबचा शेवटचा अल्बम आला, त्याच्या आवाजासह. काळे, मेक्सिकन, गरीब, मुस्लिम, समलिंगी यांना ‘चालते व्हा’ म्हणणाऱ्यांची भाषा त्यातल्या एका गाण्यात क्यू-टिप जशीच्या तशी गातो. २६ वर्षांनीही वळण तेच.

एक खंतही सांगतो. डे ला सोलचे सुरुवातीचे अल्बम जुन्या गाण्यांच्या तुकड्यांवर रचलेले असल्यानं हक्कांच्या गुंत्यात अडकले आणि वर्षानुवर्षं ऑनलाइन ऐकायलाच मिळत नव्हते. ३ मार्च २०२३ला ते शेवटी आले. त्यांच्यातला ट्रुगॉय त्याआधी सुमारे तीन आठवडे, १२ फेब्रुवारीला वारला होता. तुमच्या लेखात हे नसेल तर तळटीप म्हणून घालाच.

तुम्ही शेवटी विचारलंय की आपल्याकडच्या रॅपरांच्या गटालाही हाच शब्द चालेल का. मुंबईत पोरं स्वतः ‘क्रू’ म्हणतात आणि जे लोक स्वतःला जे म्हणवतात तेच आपण लिहावं. पण वर्णन करताना ‘गोतावळा’ जरूर वापरा. ‘स्वदेशी’चं उदाहरण घ्या. मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली अशा आपापल्या बोलीत म्हणणारे हे मुंबईचे रॅपर. २०१९ मध्ये आरेच्या जंगलातले आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन त्यांनी ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. त्यांचा वारसा मी परस्पर न्यूयॉर्कला जोडणार नाही, तो त्यांनी सांगायचा. शब्द मात्र त्यांनाही शोभतो.

तर तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘नेटिव्ह टंग्स हा विधायक वृत्तीचा, सामाजिक भान असलेला रॅपरांचा गोतावळा. हिप-हॉपला त्यांनी लावलेलं वळण आजही टिकून आहे.’ एकाची दोन वाक्यं झाली, होऊ द्या. आणि ‘गोतावळा’ एकवचनी पुल्लिंगी असला, तरी दुसऱ्या वाक्यात ‘त्यानं’ न लिहिता ‘त्यांनी’च ठेवा. व्याकरण तपासणारे कदाचित खूण करतील. पण गोतावळ्याबद्दल बोलताना दुसऱ्या वाक्यात आपण माणसांवरच येतो.