लघवीच्या गोळ्या एकमेकींच्या जागी देता येतात का?

आपण विचारले आहे की, वडिलांना हृदयविकारासाठी टॉर्सेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन या दोन गोळ्या चालू आहेत, आईला रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन आहे आणि तिन्हींना सगळे 'लघवीची गोळी'च म्हणतात, तर एक संपल्यावर दुसरी दिली तर चालेल का. चालणार नाही. कोल्हापुरात राजारामपुरीत माझे औषधांचे दुकान आहे आणि हा प्रश्न काउंटरवर वरचेवर येतो, म्हणून कारणांसह उत्तर देतो.

आपली दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात, लघवी मात्र होते साधारण दीड लिटर. उरलेले पाणी आणि त्यातले क्षार मूत्रपिंडांतल्या बारीक नलिका पुन्हा रक्तात शोषून घेतात. हे काम नलिकेच्या निरनिराळ्या टप्प्यांवर चालते आणि प्रत्येक प्रकारचे औषध त्यांतल्या एखाद्याच टप्प्यावर सोडियम अडवते. सोडियम नलिकेत राहिले की पाणीही त्याच्याबरोबर राहते आणि लघवीवाटे निघून जाते. औषधाचा जोर किती, त्याच्यासोबत शरीरातून काय वाहून जाणार आणि काय साठून राहणार, हे सगळे त्या टप्प्यावरून ठरते.

वडिलांची टॉर्सेमाइड ही लॅसिक्सच्या, म्हणजे फ्युरोसेमाइडच्या जातीची. नलिका जिथे खाली जाऊन पुन्हा वर वळते, त्या हेन्लेच्या वळणात गाळलेल्या सोडियमपैकी सुमारे २५ टक्के परत शोषले जाते आणि हे औषध नेमके तेच थांबवते, म्हणून लघवीच्या औषधांत हा वर्ग सर्वांत जोरदार. हृदय कमजोर झाल्यामुळे पायांवर सूज आणि फुप्फुसांत पाणी आले असेल, तर पहिला आधार याचाच असतो. फ्युरोसेमाइड शिरेतून दिले तर काही मिनिटांत काम सुरू करते. गोळीला तासभर लागतो आणि तिचा परिणाम सुमारे सहा तास टिकतो. ही गोळी आतड्यातून किती शोषली जाईल याचा मात्र नेम नसतो. टॉर्सेमाइड त्या बाबतीत अधिक भरवशाचे आहे आणि त्याचा परिणामही जास्त वेळ राहतो. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर ते सकाळी द्यावे, कारण रात्री लघवीला उठताना अंधारात म्हातारी माणसे पडतात. पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही या औषधाबरोबर वाहून जातात. पायांत गोळे येणे, गळून गेल्यासारखे वाटणे, छातीत धडधडणे ही त्याची लक्षणे असू शकतात.

आईचे क्लोरथॅलिडोन थायझाइड नावाच्या औषधांच्या पंगतीतले आहे. ही औषधे काम करतात तो टप्पा हेन्लेच्या वळणाच्या पुढचा आणि तिथे जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास सोडियम शोषले जाते, त्यामुळे लघवी फारशी वाढत नाही. पण काही आठवड्यांत रक्तवाहिन्या सैल होऊन रक्तदाब उतरतो आणि आईला ही गोळी त्यासाठीच आहे. वळणावरचे औषध लघवीतून कॅल्शियम घालवते, हे उलट कॅल्शियम राखते, म्हणून पुन्हापुन्हा कॅल्शियमचे मुतखडे होणाऱ्यांनाही ते देतात. युरिक ॲसिड आणि साखर मात्र थोडी वाढू शकते. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती रक्तातले सोडियम उतरण्याची. एप्रिल-मे महिन्यांत जुलाब-उलट्या झालेली एखादी आजी असंबद्ध बोलू लागते, घरचे म्हणतात ऊन लागले, आणि तपासणीत सोडियम घसरलेले निघते. आईच्या बाबतीत असे काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

स्पायरोनोलॅक्टोन नलिकेच्या शेवटच्या टप्प्यावर अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाला रोखते. लघवी वाढवण्यात ते दुबळेच, तरीही वडिलांच्या चिठ्ठीतली ही गोळी कमी महत्त्वाची समजू नये. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या रेल्स नावाच्या अभ्यासात तीव्र हृदयविकाराच्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत हे औषध अगदी लहान मात्रेत दिले, तेव्हा मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. यकृताच्या आजारात पोटात पाणी होते, तिथेही याचाच मान पहिला. हे औषध पोटॅशियम राखून ठेवते आणि खरा धोका तिथेच आहे. सोबत रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळी चालू असेल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातला घटक) वाढलेले असेल आणि रुग्ण रोज शहाळ्याचे पाणी पीत असेल किंवा 'बीपीवाल्यांसाठी चांगले' म्हणून कमी सोडियमचे मीठ खात असेल, तर पोटॅशियम इतके वाढू शकते की हृदयाचा ठोका बिघडतो. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेले असते. काही पुरुषांमध्ये या गोळीने स्तन दुखतात किंवा वाढतात. तसे झाल्यास संकोच न करता सांगावे, एप्लेरेनोन हा पर्याय आहे.

काचबिंदूसाठी आणि उंच पहाडावर जाणाऱ्यांसाठी असलेले ॲसिटाझोलामाइड आणि मेंदूची सूज उतरवण्यासाठी शिरेतून द्यायचे मॅनिटॉल हेही याच कुळातले, पण आपल्या घराशी त्यांचा संबंध नाही. गुडघेदुखीच्या गोळीचा मात्र आहे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, वरच्या तिन्ही औषधांचा परिणाम मारतात आणि मूत्रपिंडांवर ताण आणतात. पाय सुजले म्हणून शेजाऱ्याची लॅसिक्स मागायला येणारेही पुष्कळ आहेत. घोट्यापाशी अंगठ्याने दाबले की खळगा राहतो, एवढे ते दाखवतात. विचारल्यावर कळते की रक्तदाबासाठी अम्लोडिपिन चालू आहे. त्या गोळीनेही पाय सुजतात, आणि त्या सुजेवर लघवीच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

वडिलांचे वजन रोज सकाळी लघवी झाल्यावर, न्याहारीआधी करून लिहून ठेवा. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढले, तर धाप लागण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन केव्हा तपासायचे ते त्यांच्याकडून ठरवून घ्या. गोळी किंवा मात्रा बदलल्यावर तर ही तपासणी चुकवू नका. टॉर्सेमाइड संपलेच, तर डॉक्टरांना विचारून त्याच घटकाची, तितक्याच मिलिग्रॅमची दुसऱ्या कंपनीची गोळी घेता येते. घेताना पट्टीवरचे घटक वाचा. उदाहरणार्थ, डायटर या नावाने मिळणाऱ्या गोळीत नुसते टॉर्सेमाइड असते, डायटर प्लसमध्ये स्पायरोनोलॅक्टोनही असते. वडिलांची स्पायरोनोलॅक्टोनची गोळी वेगळी चालू असताना ही 'प्लस' दिली गेली, तर तेच औषध पोटात दोनदा जाईल.