शंका येते म्हणून प्रार्थना थांबवू नका
जून-जुलैत मासेमारी बंद, होडी शाकारलेली, हातात पैसा नाही. अशा दिवसांत विश्वास डळमळला तर घाबरू नका, भाऊ. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे आधी मन घट्ट करू, मग प्रार्थना करू. उलट करा. बायबलमधलं स्तोत्र 13 मोठ्यानं वाचा. सहाच वचनं, आणि सुरुवातीलाच चारदा 'कुठवर?' अशी तक्रार. तुमचीही तशीच मांडा, देवाला राग येत नाही.

दुसरी चूक, उपाशीपोटी, जागरणात निर्णय घेणं. बायबलमधल्याच '1 राजे' या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूतानं उपदेश केला नाही. भाकर-पाणी दिलं, तेही दोनदा, मधे झोपू दिलं.

- रोज दहा मिनिटं प्रार्थना, ठरलेल्या वेळी.
- मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एकाला तरी खरं सांगा, कर्जासकट. (हेच जड जातं.)

ईयोबाचं पुस्तक, म्हणजे बायबलमधली नीतिमान माणसाच्या दुःखाची लांब कथा, तूर्त राहू द्या.