छोटे विमान उतरताना आपटते तेव्हा

प्रश्न : माझी मुलगी वैमानिकाचे प्रशिक्षण घेत आहे. एकटीने उड्डाण करताना तिचे विमान धावपट्टीवर जोरात आपटून दोनदा उसळले. ‘काही मोडले नाही’, असे ती म्हणते. १४ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबई विमानतळावर लिअरजेट या छोट्या खासगी जेट विमानाचे झालेले तुकडे आठवून धास्ती वाटते. असे का होते?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : लिअरजेटचा अपघात वेगळ्या जातीचा होता. मुसळधार पावसात, दृश्यमानता ७०० मीटर असताना, ते उतरताना धावपट्टीबाहेर गेले. सुदैवाने आतील आठही जण वाचले.

प्रशिक्षणाच्या विमानात चूक बहुधा शेवटच्या काही फुटांत होते. तेथे नाक हळूहळू उचलून खाली येण्याचा वेग कमी करायचा असतो. ते फार उंचावर उचलले, तर गती संपून विमान खाली कोसळते. उचललेच नाही, तर पुढचे चाक आधी टेकते. जुहूसारख्या समुद्राकाठच्या धावपट्टीवर समोरचा वारा अचानक पडला, तरी पंखांचा आधार क्षणात घटतो. खाली येण्याचा वेग दुप्पट झाला की दणक्याची ऊर्जा चौपट होते, हे ध्यानात घ्यावे.

मात्र विमान मोडते ते बहुतेकदा पहिल्या दणक्याने नव्हे, तर उसळी दाबण्याच्या प्रयत्नात. विमान उसळले की नवशिक्या घाबरून नाक खाली ढकलतो. मग मागच्या चाकांच्या मानाने नाजूक असलेले पुढचे चाक आपटते, पुढची उसळी अधिक उंच जाते आणि अखेर ते चाक मोडून प्रॉपेलर जमिनीला घासतो. मोठी उसळी आली, तर पूर्ण थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची पूर्ण शक्ती देऊन, नाक सावरून पुन्हा उड्डाण घ्यावे, म्हणजेच गो-अराउंड करावा. त्यात कमीपणा अजिबात नाही, हे घरच्यांनीही तिला सांगावे.

मला अधिक काळजी वाटते ती ‘काही मोडले नाही’ या वाक्याची. इंजिनामागची फायरवॉल, म्हणजे आगरोधक भिंत दुमडणे, पत्र्याला सुरकुत्या पडणे, पत्रे जोडणारे रिव्हेट सैल होणे, इंजिनाच्या आधाराला तडा जाणे, हे बाहेरून सहज दिसत नाही आणि त्याच विमानात पुढचा विद्यार्थी बसतो. दणका बसल्याची नोंद झाली का आणि अभियंत्याने विमान तपासले का, हे तिला आजच विचारा. झाले नसेल, तर तिने स्वतः प्रशिक्षकांना सांगून ते विमान तपासणी होईपर्यंत थांबवायला लावावे.